‘गोळी गरम पडली’ म्हणजे नेमके काय?

इंदुरात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने एक वाक्य असंख्य वेळा ऐकले असेल. मराठी घरातला रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, गोळी गरम पडली.’ माळव्यातला शेतकरी म्हणतो, ‘डॉक्टर साब, दवाई गरमी कर गई.’ त्यावर आपण किंचित हसतो, ‘ताक घ्या, पाणी भरपूर प्या’ असे सांगतो आणि पुढच्या रुग्णासाठी घंटी वाजवतो. केसपेपरवर त्या वाक्याची नोंद होत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘गरम’ या नावाचे लक्षण नाही. त्यामुळे ते वाक्य निकालात काढणे आपल्याला सोपे जाते.

मी १९७९ साली दवाखाना उघडला आणि पुढची कितीतरी वर्षे हेच केले. मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादकांचा प्रेमळ तगादा आला, तेव्हा मनात विचार आला की यशाच्या कथा आपण अशा पानांतून पुष्कळ वाचतो. एखादी चूकही लिहून ठेवावी. त्या चुकीतून माझे जे मत बनले ते आरंभीच सांगतो. औषध घेतल्यावर काय झाले हे रुग्ण ज्या शब्दांत सांगतो, ते शब्द प्रयोगशाळेच्या अहवालाइतकेच गांभीर्याने घेतले पाहिजेत. आणि काय होऊ शकते, हे औषध देण्यापूर्वीच त्याला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे.

उदाहरणासाठी एकच औषध घेतो, मेट्रोनिडाझोल. आव पडली, मुरडा आला, जुलाब थांबेनात, की आपल्या हातून चिठ्ठीवर सर्वांत आधी उतरणारे हे नाव. डॉक्टरांइतकेच ते घरोघरीच्या आज्यांनाही ठाऊक आहे. या औषधाविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. आमच्या गुरुजनांच्या पिढीला अमीबाच्या आमांशासाठी एमेटिनची इंजेक्शने द्यावी लागत. टोचलेली जागा ठणके, उलट्या होत आणि हृदयावर परिणाम होण्याच्या भीतीने रुग्णाला अंथरुणावरच ठेवावे लागे. १९६६ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथील डॉक्टरांनी आमांश आणि यकृतातील अमीबाजन्य गळू या दोहोंवर मेट्रोनिडाझोल गुणकारी असल्याचे दाखवून दिले आणि चित्र पालटले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तीत हे औषध होते, आजही आहे. तेव्हा माझे भांडण औषधाशी नाही. ते देण्याच्या आपल्या पद्धतीशी आहे.

१९९४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळेत मला मराठी शिकवणाऱ्या बाई दवाखान्यात आल्या. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती, राहत होत्या एकट्याच. आव पडत होती आणि तपासणीत अमीबा सापडला. मी मेट्रोनिडाझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा, पाच दिवस, अशा लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या. ‘अरे, तोंडात सारखा तांब्याचा पैसा धरून ठेवल्यासारखं वाटतं. चहासुद्धा गिळवत नाही, मळमळतं,’ त्या म्हणाल्या. बाहेर रुग्णांची गर्दी होती. मी म्हणालो, ‘बाई, होतं असं. चालू ठेवा.’

दीड महिन्यानंतर त्यांना थंडी वाजून ताप येऊ लागला आणि उजव्या बरगडीखाली दुखू लागले. सोनोग्राफीत यकृतात गळू दिसले. रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या. घरी परतल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी पानाचा जुना डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. उरलेल्या गोळ्या त्यात तशाच होत्या. मला भेटून गेल्यावर त्यांनी एकही गोळी घेतली नव्हती. आतड्यात उरलेल्या अमीबासाठी पुढे द्यायचे डायलोक्सानाइडही त्यामुळे राहून गेले होते. ‘मला वाटलं, तुझी गोळी अंगाला विषासारखी लागते आहे,’ बाई म्हणाल्या. ‘तू म्हणालास, होतं असं. पण काय होतं, किती दिवस होतं, त्यानं अपाय होतो का, हे कुठं सांगितलंस? आधी सांगितलं असतंस, तर पाच दिवस सोसलं असतं रे.’

गळू केवळ अर्धवट उपचारामुळेच झाले, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण बाईंचे बोलणे खरे होते. हे औषध रक्तातून लाळेत उतरते, म्हणून तोंडात धातूची चव येते; गोळ्या संपल्या की ती जाते. एवढे एक वाक्य सांगायला मला अर्धे मिनिट पुरले असते. ते मी वाचवले आणि बाईंना त्यापायी रुग्णालयाची वारी घडली.

दुसरा अनुभव २००६ सालचा, आणि तो मला अधिक बोचतो. पन्नाशीचे एक कापड व्यापारी पोटाच्या तक्रारीसाठी आले होते. मी सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, त्यांना आराम पडला. काही महिन्यांनी ते पुन्हा आले ते वेगळेच दुखणे घेऊन. तळपायांची आग होते, रेतीवरून चालल्यासारखे वाटते, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. साखर तपासली, ती ठीक होती. मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. जाता जाता ते म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, मला वाटतं पोटाची गोळी गरम पडली.’ मी हसलो. कोणती गोळी, किती दिवस, हे विचारलेही नाही.

पुढच्या खेपेला त्यांच्या पत्नी सोबत आल्या. त्यांनी पिशवीतून रिकाम्या पाकिटांची जुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि जुडीवर माझीच चिठ्ठी, घड्या पडून मऊ झालेली. पोट जरा बिघडले की ती चिठ्ठी मेडिकलच्या दुकानात दाखवायची आणि गोळ्या आणायच्या, असे पाच महिने चालले होते. मी पाकिटे मोजली. गोळ्या दोनशेच्या आसपास भरल्या, म्हणजे सुमारे ८० ग्रॅम औषध. मेट्रोनिडाझोल दीर्घकाळ घेतले तर हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते. एकूण मात्रा ४२ ग्रॅमच्या पुढे गेली, म्हणजे ढोबळमानाने चार आठवड्यांहून अधिक काळ औषध चालले, तर हा धोका लक्षणीय वाढतो. मज्जाविकारतज्ज्ञांनी निदान पक्के केले, गोळ्या बंद झाल्या आणि काही महिन्यांत आग कमी झाली. मात्र पायाच्या बोटांचा बधिरपणा पूर्णपणे कधीच गेला नाही. त्यांच्या पोटाचा विकारही पुढे चंचल आतड्याचा निघाला. त्यासाठी या गोळीची गरजच नव्हती.

त्या गृहस्थांनी मला निदान सांगितले होते. तळपायांची आग, तीच त्यांची ‘गरम’. शब्द त्यांचा होता आणि अर्थ लावण्याचे काम माझे होते. ते मी केले नाही.

त्या दिवसापासून ‘गरम पडली’ असे ऐकले की मी विचारू लागलो : कुठे गरम? तोंडात, पोटात, लघवीला, तळपायांत की अंगभर? केव्हापासून? दुसरी कोणती औषधे चालू आहेत? उत्तरे ऐकून मी थक्क होत गेलो. कुणाला जिभेवर दाट पांढरा थर आलेला असे, कुणाला तोंड आलेले, कुणाच्या अंगावर पुरळ उठलेले. एका नव्या सुनेला लघवी लालसर तपकिरी झाल्यामुळे कावीळ झाली असे वाटले आणि सारे घर रात्रभर जागले. या औषधाने लघवीचा रंग गडद होऊ शकतो, त्याने काही बिघडत नाही, हे कुणी सांगितलेच नव्हते. उलट एका वृद्ध गृहस्थांच्या बाबतीत ‘उष्णतेने घोळणा फुटला’ म्हणून घरचे कांदा हुंगवीत बसले होते. हृदयाची झडप बदललेली असल्याने ते वॉरफरिन घेत होते. मेट्रोनिडाझोलमुळे वॉरफरिनचा प्रभाव वाढतो; त्यांचे रक्त धोकादायक प्रमाणात पातळ झाले होते. म्हणजे एकाच ‘गरम’ शब्दाच्या पोटात कुठे निरुपद्रवी गोष्ट दडलेली असते, तर कुठे जिवावरचा धोका. चालताना तोल जाणे, जीभ जड होणे ही लक्षणेही त्यातलीच. क्वचित प्रसंगी हे औषध लहान मेंदूवर परिणाम करते आणि ते वेळीच ओळखून बंद केल्यास रुग्ण बहुधा सुधारतो. पण ओळखण्यासाठी आधी ऐकावे लागते.

कुणी म्हणेल, रुग्णांच्या अशा सांगण्याला शास्त्रात काय किंमत? मेट्रोनिडाझोलचाच इतिहास याचे उत्तर देतो. हे औषध १९६० च्या सुमारास वापरात आले ते ट्रायकोमोनास या परजीवी जंतूमुळे होणाऱ्या स्त्रियांच्या विकारासाठी. ते जिवाणूंवरही चालते, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. डेव्हिड शिन या लंडनच्या दंतवैद्याकडे एक रुग्ण आली. तिने त्या विकारासाठी आठवडाभर गोळ्या घेतल्या होत्या आणि तेवढ्यात तिचे सुजलेले, दुखरे हिरडेही बरे झाले होते. तिने ते आवर्जून सांगितले. शिन यांनी ते ऐकले, पडताळून पाहिले आणि १९६२ साली प्रसिद्ध केले. हवेविना वाढणाऱ्या जिवाणूंवर आज शस्त्रक्रियागृहापासून दंतचिकित्सेपर्यंत हे औषध वापरले जाते, त्याच्या मुळाशी एका स्त्रीचे हे बोलणे आहे. रुग्णाचा शब्द गुण दाखवू शकतो, तर दोषही दाखवू शकतो.

आणि तो ऐकला नाही तर काय होते, हे जपानने पाहिले आहे. क्लायोक्विनॉल हे जुलाबावरचे औषध तिथे सर्रास वापरले जाई. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथे एक विचित्र आजार वाढू लागला. आधी पोटदुखी, मग पायांपासून वर चढणारा बधिरपणा, चालणे अवघड, काहींची दृष्टीही गेली. ‘स्मॉन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या आजाराने दहा हजारांहून अधिक माणसे बाधित झाली. तो विषाणूमुळे पसरतो अशी समजूत असल्याने शेजारपाजारचे लोक रुग्णांना टाळू लागले. पोटदुखी हा त्या आजाराचाच भाग समजून डॉक्टर तेच औषध आणखी देत राहिले. कित्येकांच्या जिभेवर हिरवा थर दिसे, काहींची लघवी हिरवी होई. अखेर १९७० साली त्या हिरव्या रंगाचा शोध घेतला गेला, तेव्हा त्यात क्लायोक्विनॉलच निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपानने त्याची विक्री थांबवली आणि नवे रुग्ण झपाट्याने कमी झाले. औषध पोटासाठी घेतले होते आणि गेले पाय व डोळे. त्या कुळातल्या गोळ्या आपल्याकडेही पुढे कितीतरी वर्षे घरोघरीच्या कपाटांत होत्या, हे माझ्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल.

माझ्या व्यवसायबंधूंचे दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की, दुष्परिणाम आधी सांगितले तर रुग्ण घाबरतो, नसलेली लक्षणे त्याला जाणवू लागतात आणि तो गोळी घेतच नाही. यात तथ्य आहे. माहितीपत्रकातली सगळी यादी वाचून दाखवली तर मीसुद्धा गोळी घेणार नाही. पण यादी वाचणे निराळे आणि नेमके सांगणे निराळे. ‘तोंडाला धातूची चव येईल, मळमळेल, लघवी गडद होईल, घाबरू नका, गोळ्या संपल्या की सारे थांबेल. मात्र हातापायांना मुंग्या आल्या, तोल गेला, अंगावर पुरळ उठले, तर गोळी थांबवून मला लगेच कळवा.’ एवढे पुरते. बाईंनी अर्ध्यावर गोळ्या सोडल्या त्या माहितीमुळे नव्हे, माहिती न मिळाल्यामुळे.

दुसरा आक्षेप वेळेचा. पावसाळ्यात रोज ऐंशी रुग्ण तपासणाऱ्याने हे सगळे केव्हा सांगायचे? या आक्षेपाला माझे उत्तर थोडे कठोर आहे. वेळ नाही म्हणूनच आपण औषधे अधिक लिहितो. साध्या जुलाबांपैकी बहुसंख्य आपोआप थांबतात. त्यांना प्रतिजैविक लागत नाही, लागते ते मीठ-साखर-पाणी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीत हे साधे द्रावण पाजून असंख्य प्राण वाचवले. त्याच देशात आज साध्या जुलाबावर ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल यांची जोडगोळी सहज लिहिली जाते. जिवाणू असला तर एक मारील, अमीबा असला तर दुसरे, असा हिशेब. रोग एक आणि दुष्परिणाम मात्र दोन औषधांचे. ऑफ्लॉक्सासिनच्या कुळातील औषधांमुळे स्नायुबंधाला इजा होऊ शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ सालीच दिला. आपल्या सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदीचे आदेश काढले, त्यांवरून मिश्रणांचा हा सोस कुठवर गेला होता हे कळते. शिवाय प्रतिजैविकांनीच जुलाब होऊ शकतात, हेही विसरून चालणार नाही. अनावश्यक चिठ्ठ्या कमी झाल्या, तर आवश्यक चिठ्ठीसोबत दोन वाक्ये बोलायला वेळ नक्की सापडेल.

सांगणे आणि ऐकणे यांच्यानंतरची पायरी नोंदवण्याची. २०१० सालापासून आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याची सूत्रे आहेत आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे आहेत. नोंद डॉक्टर करू शकतो, परिचारिका करू शकते, औषधविक्रेता करू शकतो आणि रुग्ण स्वतःही करू शकतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. दुष्परिणाम औषधामुळेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी नोंदवणाऱ्यावर नसते, संशय पुरेसा असतो. मी माझ्या त्या व्यापारी रुग्णाची नोंद कुठेही केली नव्हती. माझ्याच हातून घडलेले कशाला उगाच लिहा, ही भावना त्यामागे नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल.

आता आपल्या समाजातील वाचकांना, विशेषतः घरातील ज्येष्ठांना चार शब्द. जुनी चिठ्ठी म्हणजे कायमचा परवाना नव्हे. ती पुन्हा वापरू नका, शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नका. चालू असलेल्या सर्व औषधांची नावे एका कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांना दाखवा, मग ते दंतवैद्य का असेनात. पोटासाठी ही गोळी चालू असेतो आणि नंतरही दोन-तीन दिवस मद्य वर्ज्य समजा. गोळी सोसवत नसेल तर मनानेच बंद करू नका आणि संकोचाने गप्पही बसू नका. ‘गरम पडली’ एवढ्यावर थांबू नका; कुठे, केव्हा, कसे ते सांगा. आपण इंदूरकर मराठी माणसे दुकानात हिंदी बोलतो, घरात मराठी आणि डॉक्टरांपुढे दोन्हींची खिचडी. काही बिघडत नाही. पायाला ‘मुंग्या येतात’ म्हणा किंवा ‘झुनझुनी’ म्हणा, पण म्हणा.

बाई त्यानंतर अकरा वर्षे होत्या. पुढे कधीही चिठ्ठी लिहिली की त्या खुर्चीवरून उठत नसत. ‘आता सांग, काय काय होईल?’ असे विचारीत आणि मी सांगितलेले आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठीच्या मागे लिहून घेत.

मंडळाला माझी एक विनंती आहे. पोटाच्या विकारांवर आपण नेहमी लिहितो अशा पाच-सहा औषधांसाठी, काय होईल आणि काय झाले तर कळवावे, हे सांगणारी छोटी पत्रके यंदा मराठीत आणि हिंदीत छापावीत. प्रत्येक सदस्याने ती आपल्या दवाखान्यात ठेवावीत. मजकूर मी लिहून देतो. छपाईचा खर्च फार नाही. आणि पत्रकाच्या मागची बाजू मात्र कोरी ठेवावी, म्हणजे रुग्णाला त्यावर काही लिहून आणता येईल.